उजवीकडे एक बोट जास्त

आमच्या प्रयोगशाळेतल्या आतल्या खोलीत शिरायला पंचवीस मिनिटं लागतात. आधी अंगावरचं सगळं उतरवायचं, अंगठी, कानातलं, केसांतली पिनसुद्धा. मग कोपरापर्यंत हात घासायचे, मग पांढरा झगा, त्यावर टोपडं, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातमोज्यांचे दोन जोड. एवढं झालं की आत माणूस आहे की गुंडाळलेली गादी, हे बाहेरच्याला कळत नाही. आत गेल्यावर नाकाला खाज सुटली तर सुटू द्यायची. तहान लागली तर लागू द्यायची. तिसरं काही लागलं तर काय करायचं, हे नवीन येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते: सकाळपासून पाणी पिऊ नका.

बाहेर पडायचं ते काम संपल्यावरच. माल ज्या पेटीत वाढतो तिचं झाकण एकदा उघडलं की दाराला कुलूप लागतं, आणि तयार माल भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे गेल्याशिवाय किंवा औषधात बुडवून नष्ट केल्याशिवाय ते आतून निघत नाही. मधेच बाहेरची हवा आत आली तर आठ आठवड्यांचं काम मातीमोल. चौदा वर्षांत मला त्या दाराचा जाच कधी वाटला नाही. उलट, घरातल्या कटकटीपेक्षा ही खोली बरी, असं मी चारचौघांत म्हणायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आम्ही हाडं वाढवतो. लोकांना ती जादू वाटते. जादूबिदू काही नाही, चिकाटी लागते इतकंच. अपघातात एखाद्याच्या चेहऱ्याचं हाड चुरडलं, की स्कॅनवरून हरवलेल्या तुकड्याचा आकार संगणकावर ठरवतात. त्या आकाराची जाळी छापली जाते, हाडात असतो तसल्या क्षाराची आणि शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या एका प्लास्टिकची. मग त्याच माणसाच्या कंबरेच्या हाडातला मगज घेऊन, त्यातल्या पेशी जाळीवर पेरायच्या आणि एका उबदार यंत्रात ठेवून त्यांना आठ आठवडे खायला-प्यायला घालायचं. पेशी जाळीच्या भोकाभोकांत शिरतात, चिकटतात आणि हाड धरायला लागतात. त्या यंत्राचं खरं नाव हातभर लांब आहे. आम्ही त्याला कोंबडी म्हणतो.

त्या मंगळवारी कोंबडीखाली चौतीस नंबर होता. खालच्या जबड्याची डावी बाजू, कानापासून हनुवटीच्या अलीकडपर्यंत. आमच्याकडे माणसांना नावं नसतात, नंबर असतात, म्हणजे कुणाच्या कामात कुणाचा जीव अडकत नाही. नात्यातला माणूस निघाला तर पहिल्याच दिवशी लिहून द्यायचं आणि कामातून बाजूला व्हायचं, असा कडक नियम आहे. चौतीस नंबर माझा सख्खा धाकटा भाऊ होता आणि मी लिहून दिलेलं नव्हतं.

का नव्हतं दिलं, तेही सांगते. पेशी पेरायचं काम आमच्याकडे दोघंच करतात. एक मी आणि दुसरा आमचा घाईराव. माणूस लाखमोलाचा, पण त्याच्या हाताला दम नाही. वर्षभरात त्याच्या दोन जाळ्यांना बुरशी लागली. त्या दोन माणसांनी दोन-दोन महिने जास्तीचे उघड्या जबड्यानं काढले. माझा भाऊ लोखंडी दारं-खिडक्या करतो. ग्राइंडरची चकती फुटून तिचा तुकडा त्याच्या तोंडात घुसला तेव्हा मी दवाखान्याच्या कोपऱ्यात उभी राहून त्याचा चेहरा पाहिला होता. डाव्या बाजूला चेहरा नव्हताच. तो घाईरावच्या हाती देणं मला जमलं नाही. मी घरी त्याच्या कानात सांगितलं, "बारक्या, तुझं हाड मीच करणार. पण मी तुझी कोणी नाही, लक्षात ठेव. कळलं तर माझी नोकरी जाईल." त्याचे दात तारेनं बांधलेले होते. त्यानं डोळे मिटून हो म्हटलं. आईलाही बजावलं. आईला बजावावं लागत नाही. घरातली गोष्ट घरात ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

आता त्या घरातल्या गोष्टीकडे यायलाच हवं.

मी नऊ वर्षांची होते आणि बारक्या सहा. माळ्यावर चढायला आमच्याकडे लाकडी शिडी होती. वरच्या पायरीवर आम्ही दोघं कशावरून तरी भांडलो. कशावरून, ते आता देवालाच ठाऊक. मी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्याला ढकललं. चुकून धक्का लागला, पाय घसरला, तसलं काही नाही. ढकललंच. तो खाली फरशीवर हनुवटीवर आपटला. हनुवटी फुटली, रक्त आलं, ते थांबलंही. पण दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा कान-गाल सुजला आणि तोंड उघडेना. बाबा तेव्हा गावाला गेले होते. बाबांचा हात फार वाईट होता. परत आल्यावर त्यांना खरं कळलं असतं तर माझी खैर नव्हती. आईनं आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, याला गालगुंडं झालीत. बस्स. बारक्याकडून तिनं शपथ घेतली. डॉक्टरकडे नेलं नाही, कारण डॉक्टर बाबांच्या ओळखीचे होते. महिनाभरानं सूज गेली, तोंड उघडायला लागलं, आणि आई म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ झाकलेली राहिली, पण जबडा राहिला नाही. कानाजवळ हाड मोडलं की पोराचा जबडा त्या बाजूला वाढत नाही, हे मला पुढे या नोकरीत कळलं. डावी बाजू वाढत गेली, उजवी मागे राहिली. दहाव्या वर्षी त्याची हनुवटी उजवीकडे सरकलेली स्पष्ट दिसायची. गल्लीतली पोरं त्याला वाकडतोंड्या म्हणायची. मी त्या पोरांना बदडून यायचे आणि घरी आल्यावर मोरीत जाऊन रडायचे. दाढी फुटली तशी त्यानं ती ठेवली, आणि तेव्हापासून त्याची दाढी मीच कोरते. न्हावी दोन्हीकडे सारखी कापतो, म्हणजे तोंड वाकडंच दिसतं. मी डावीकडे बारीक कापते आणि उजवीकडे खाली एक बोट जास्त ठेवते. चेहरा सुतात येतो. लग्नाकार्यात लोक म्हणायचे, काय देखणा आहे हो तुमचा भाऊ. मी कात्रीकडे बघून हसायचे.

आठ आठवड्यांपूर्वी जाळी माझ्या हातात आली तेव्हाच ती मला आखूड वाटली. मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे आकार ठरवणारा वेगळा आहे, वरच्या मजल्यावर. त्याची रीत अशी की चेहऱ्याची धड बाजू घ्यायची, ती उलटी करायची आणि मोडक्या बाजूवर बसवायची. म्हणून आम्ही त्याला आरसेबुवा म्हणतो. रीत चांगली आहे, शंभरातल्या नव्याण्णव माणसांना लागू पडते. पण बारक्याची धड बाजू धड नव्हती. मी स्वतःची समजूत काढली. म्हटलं, स्कॅन आहे, संगणक आहे, सर्जनबाई आहेत, एवढ्या शिकलेल्या लोकांना दिसलं नसेल का? आणि विचारायला गेले असते तर पहिला प्रश्न आला असता, तुला कसं माहीत? मी पेशी पेरल्या. रोज सकाळी येऊन कोंबडीचं पाणी बदललं. रोज ठरवलं की आज बोलायचं आणि रोज संध्याकाळी तशीच घरी गेले. जितके दिवस जात होते तितकं बोलणं अवघड होत होतं, कारण पेशी धरत होत्या, सुरेख धरत होत्या. इतकी चांगली जाळी मी चौदा वर्षांत केली नव्हती.

त्या दिवशी पावणेदहाला मी झाकण उघडलं. दाराचं कुलूप खट्‌कन बसलं. शेवटच्या तपासणीसाठी खिडकीतून कवटीचा नमुना आत आला. स्कॅनवरून छापलेली, रुग्णाची आहे तशी कवटी, डाव्या बाजूला खिंडार असलेली. तो नमुना मला फक्त शेवटच्या दिवशीच मिळतो. मी चिमट्यांनी जाळी उचलली आणि खिंडारात धरली. मागे हाडाला हाड बसलं, पुढे हाडाला हाड बसलं. वरच्या मजल्यावर बसून टाळी वाजवावी असं बसलं.

मग मी कवटी समोरून धरली. हनुवटी मधोमध आली होती. वरच्या दातांच्या खूप मागे. आणि वरचे दात, जेवढे उरले होते तेवढे, अजून उजवीकडे झुकलेले होते. सत्तावीस वर्षं ते त्या वाकड्या जबड्याशी जुळवून घेत वाढले होते. हा जबडा बसला असता तर त्याचे वरचे आणि खालचे दात जन्मात एकमेकांना भेटले नसते. चावता आलं नसतं, ओठ मिटले नसते, लाळ गळत राहिली असती. आणि जाळी एकदा धरली की ती त्याचं हाड होते. ती काढायची म्हणजे जबडा पुन्हा कापायचा. नमुन्याच्या उजव्या कानाजवळचं बसकं, दबलेलं हाड मी बोटानं चाचपलं. माझंच काम होतं ते. दोन हातमोज्यांतूनही ओळखू आलं.

घड्याळात दहाला दहा कमी. साडेदहाला बारक्याला भूल देणार होते.

काचेपलीकडे आरसेबुवा येऊन उभा होता. शेवटच्या दिवशी तो स्वतःचं कौतुक ऐकायला येतो. मी पलीकडे बोलायचं भिंतीवरचं बटण दाबलं.

"बसलं ना?" त्यानं विचारलं.

"हाडाला हाड बसतंय. पण हा माणूस आधीपासूनच वाकडा असेल तर?"

"म्हणजे?"

"उजवी बाजू धड आहे असं तुम्ही धरलंत. ती लहानपणीच मोडलेली असेल तर? कानाजवळ हाड बसकं आहे बघा."

"अहो, ते याच अपघातात दबलंय. सर्जनबाईंचंही तेच मत पडलं. लहानपणी मार नाही, फाइलीत लिहिलंय. आईला विचारलं होतं. गालगुंडं झाली होती फक्त. आणि फोटो आहे ना आपल्याकडे. एकदम सरळ चेहरा."

"फोटोत दाढी आहे."

"असू दे की. दोन्हीकडे सारखी आहे. मी स्क्रीनवर रेषा टाकून मोजलीय."

मोजलीय म्हणे! माझी कात्री मोजली होती त्यानं. मला हसू आलं. त्याची चूक नव्हती. फोटो आईनं दिला होता, दाढी मी केली होती, गालगुंडं आम्ही तिघांनी मिळून केली होती. एका अख्ख्या दवाखान्याला आमच्या घरानं मामा बनवलं होतं आणि त्याची शिक्षा आमच्यातल्याच सगळ्यात गरीब माणसाला होणार होती.

मी खोलीत एक चक्कर मारली. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, त्याहून जास्त जागा नाही. मास्कमध्ये माझाच श्वास मला गरम लागत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पेटी खिडकीत ठेवली असती तर दार उघडलं असतं, मी झगा काढला असता, पाणी प्यायले असते, आणि कुणाला काही कळलं नसतं. बारक्यानंही मला कधी विचारलं नसतं. तेच मला सहन होत नव्हतं.

"मॅडमना बोलवा," मी म्हटलं.

मॅडम आमच्या प्रमुख. मला त्यांनीच शिकवलं, हात कसा धरायचा इथपासून. त्या काचेशी आल्या, घड्याळ बघितलं, म्हणाल्या, "पेटी का आली नाही अजून?"

"माप चुकलंय. याचा जबडा डाव्या बाजूला लांब होता. उजव्यापेक्षा जवळजवळ एक बोट. लहानपणी उजवा सांधा मोडलाय."

"तुला कसं माहीत?"

आलाच तो प्रश्न. मी काचेला हात टेकला. काचेला हात लावायचा नसतो.

"चौतीस नंबर माझा भाऊ आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "सख्खा?"

"सख्खा."

आरसेबुवा दोन पावलं मागे सरकला. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा घातला.

"आठ आठवडे तू माझ्यासमोर बसून डबा खाल्लास," त्या म्हणाल्या.

"हो."

"नियम कशासाठी असतो माहीत आहे? नेमका याच्यासाठी. शेवटच्या घटकेला घरच्या माणसाचे हात कापतात आणि त्याला नाही नाही ते दिसायला लागतं. पेटी खिडकीत ठेव. बाकीचं नंतर बघू."

"नाही ठेवत."

"मग माझी किल्ली देऊन घाईरावला आत पाठवते."

"पाठवा. तयार व्हायला पंचवीस मिनिटं लागतील त्याला. त्यानं घाई केली तरी वीस."

हे उद्धट होतं, मला कळत होतं. पण त्यांना राग येण्यापेक्षा आता विचार पडला. मी बोलतेय ते खरं असेल तर एका माणसाचं तोंड कायमचं बिघडणार आणि खोटं असेल तर चांगली वाढलेली जाळी वाया जाणार. त्यांनी खिशातून फोन काढला. "याची आई वर थांबलीय ना? तिलाच विचारू," असं म्हणून त्यांनी वॉर्डात फोन लावला आणि तो भिंतीवरच्या माइकपाशी धरला, मला ऐकू येईल असा.

"आई, मुलाला लहानपणी कधी मार लागला होता का? तोंडाला, हनुवटीला?"

"नाही हो," आईचा आवाज. "गालगुंडं झाली होती. मी सांगितलंय की डॉक्टरांना."

"आई," मी म्हटलं, "मी बोलतेय. खरं सांग यांना. शिडीचं सांग."

मागे कुठंतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती. मग आई म्हणाली, "कोण बोलतंय?"

"अगं, मी!"

"मी नाही ओळखत यांना," आई मॅडमना म्हणाली. "कोण आहेत या बाई? मला उगाच कशाला त्रास देता?"

मी काचेला टेकून खाली बसले. आत खाली बसायचंही नसतं. मला आईचा संताप आला, आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. ती मला वाचवत होती. नऊ वर्षांची असताना वाचवलं होतं अगदी तसंच, न डगमगता, पोराच्या जबड्याची किंमत मोजून. तिला वाटलं असणार, कुणीतरी मला पकडायला सापळा लावलाय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर दया आली होती, आणि ती रागापेक्षा वाईट होती. "बघ," त्या हळू म्हणाल्या. "तू दमलीयस. ठेव पेटी."

दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"एकदाच सर्जनबाईंना फोन लावा," मी म्हटलं. "त्याला अजून भूल दिली नसेल. त्यालाच विचारू. तो नाही म्हणाला तर ठेवते मी पेटी. तुमची शपथ."

हे बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले. तो नाही म्हणू शकत होता. आम्हीच शिकवलं होतं त्याला.

फोन लागला. सर्जनबाई शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच्या खोलीत होत्या, बारक्या त्यांच्या शेजारी पलंगावर, हाताला सलाइन, दुसऱ्या हातात लिहायची वही. मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं. बाई चिडल्या असाव्यात, पण त्या पद्धतशीर होत्या. त्यांनी त्याला मोठ्यानं विचारलं, लहानपणी जबड्याला मार लागला होता का. पेनचा आवाज मला ऐकू आला नाही, पण लिहायला लागतो तेवढा वेळ गेला.

"लिहिलंय, 'काही झालं नाही. गालगुंडं.'" बाई म्हणाल्या. "झालं समाधान? आम्ही सुरू करतो."

"बारक्या!" मी ओरडले. टोपड्यात माझाच आवाज कानात घुमला. "बारक्या, ऐक. ताई बोलतेय. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. आता कुणाला भितोस? माप चुकलंय रे. हे बसवलं तर तुझं तोंड मिटणार नाही. मी आत कोंडून बसलेय इथे, पेटी घेऊन, मला कुणी खरं मानत नाहीये. तू लिही. शिडीचं लिही."

पुन्हा तो लिहिण्याइतका वेळ. या वेळी थोडा जास्त.

सर्जनबाईंचा आवाज बदलला होता. "काहीतरी वेगळंच लिहिलंय यानं. लिहिलंय, 'तिची नोकरी जाईल.'"

मॅडमनी मान खाली घातली. आरसेबुवा काचेपासून दूर गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या चष्म्याच्या आत पाणी साचलं आणि ते पुसायची सोय नव्हती. तारेनं बांधलेलं तोंड घेऊन पडलेला तो वेडा, वाकड्या जबड्याचा, माझी नोकरी सांभाळत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो आम्ही त्याला सहाव्या वर्षापासून देत आलो होतो आणि तो अजून आम्हाला जपत होता.

"गेली," मी म्हटलं. "गेली नोकरी. मघाशीच गेली. आता तू लिही."

या वेळी खूप वेळ लागला. सर्जनबाई मधेच एकदा म्हणाल्या, "लिहितोय." मग त्यांनी वाचलं, थांबत थांबत, कारण त्याचं अक्षर पहिल्यापासून कोंबड्याच्या पायासारखं.

"'सहा वर्षांचा होतो. माळ्याच्या शिडीवरून पडलो. हनुवटीवर. उजवीकडे कानाजवळ सूज होती. महिनाभर तोंड उघडत नव्हतं. एक चमचा जाईल एवढंच उघडायचं. ताई शाळेतून येऊन रोज भरवायची. पेज सांडली की स्वतःच्या फ्रॉकला पुसायची, आईला कळू नये म्हणून.'"

मला हे आठवत नव्हतं. खरंच सांगते, त्यातलं एक अक्षर मला आठवत नव्हतं. मला फक्त माझे दोन हात आणि त्याची छाती आठवत होती, सत्तावीस वर्षं, दर वेळी दाढी कोरताना. चमचा मी कधी हातात घेतला होता, हे मला त्या दिवशी एका परक्या बाईच्या तोंडून कळलं.

सर्जनबाईंनी वही ठेवल्याचा आवाज झाला. "मी आज उघडत नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही सांध्यांचा नवीन स्कॅन करू. माप पुन्हा घेऊ. पेशी आहेत ना शिल्लक?"

"गोठवलेल्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या जाळीला दोन-अडीच महिने लागतील. ही टाकावी लागेल." मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "दुसरी घाईराव करेल. मी त्याच्या डोक्यावर उभी राहीन."

मी हो म्हटलं. त्यावर बोलायचा मला हक्क नव्हता. पण फोन अजून चालू होता आणि एक गोष्ट राहिली होती. ती आता नाही बोलले तर पुन्हा कधीच बोलणार नव्हते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "फाइलीत नीट लिहा. तो पडला नव्हता. मी ढकललं होतं. दोन्ही हातांनी."



"त्यानं ऐकलंय," सर्जनबाई म्हणाल्या. "मान हलवतोय."

"हो म्हणून ना?"

"नाही म्हणून."

मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा त्याला विचारलं, आणि त्यानं पुन्हा तेच केलं. मग त्याला वॉर्डात परत नेलं आणि फोन बंद झाला. मला वाटलं होतं, हे एकदा तोंडातून निघालं की मी सुटेन. पण ज्याला सांगायचं होतं त्याला ते केव्हाचं माहीत होतं, आणि तो ते माझ्याकडून घ्यायला तयार नव्हता. मॅडम आणि आरसेबुवा निघून गेले. मी जाळी पेटीतून काढली आणि औषधाच्या भांड्यात बुडवली. तिच्यातल्या त्याच्या पेशी मरायला अर्धा तास लागणार होता, आणि तोवर दार उघडणार नव्हतं.